१,३८,००० किलोमीटर फिरलेली हायब्रिड गाडी घ्यावी का?

पत्राचा सारांश: गुहागर तालुक्यातील समुद्रालगतच्या एका गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या पर्यटकांच्या राहण्याची व जेवणाची सोय करतात. पती मुंबईत नोकरीला असून महिन्यातून एकदा गावी येतात. त्यामुळे शृंगारतळीचा बाजार, वेलदूरच्या जेटीवरून मासळी आणणे आणि महिन्यातून दोनदा सासऱ्यांना डेरवणच्या रुग्णालयात नेणे ही गाडीची सारी कामे त्या स्वतःच करतात. अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आता वरचेवर गॅरेजला लागते. त्यांचे रनिंग वर्षाला सुमारे ९,००० किलोमीटर आहे. पुण्यातले चुलत दीर आपली डिसेंबर २०२२ मध्ये नोंदणी झालेली टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विद्युत मोटर असलेली, काही वेळ केवळ विजेवरही चालणारी), साडेनऊ लाखांना द्यायला तयार आहेत. गाडी १,३८,००० किलोमीटर फिरलेली आहे. ताईंकडे सात लाख जमले आहेत, उरलेल्या अडीच लाखांसाठी सोनेतारण कर्ज काढण्याचा विचार आहे. दीर म्हणतात, बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे आणि ॲव्हरेज पंचविसाच्या पुढे मिळते. पती म्हणतात, एवढ्या थोड्या वर्षांत एवढी पळवलेली गाडी म्हणजे पिळून काढलेली गाडी. गावातला मेकॅनिक म्हणतो, बॅटरी गेली की गाडी भंगारात. ‘तिघांचे ऐकून काहीच ठरवता येईना, घ्यावी की नाही, ते एका शब्दात सांगा,’ असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, तुम्ही एका शब्दात उत्तर मागितले आहे, म्हणून तेच आधी देतो. साडेनऊ लाखांना, सोने गहाण ठेवून, ही गाडी घेऊ नका. मात्र माझ्या नकाराची कारणे तुमच्या पतींच्या आणि मेकॅनिकच्या कारणांहून वेगळी आहेत, आणि ती समजून घेणे आवश्यक आहे, कारण किंमत किंवा तुमचा वापर बदलला तर हेच उत्तर ‘हो’ असेही होऊ शकते.

पतींच्या शंकेपासून सुरुवात करू. तीन-साडेतीन वर्षांत १,३८,००० किलोमीटर म्हणजे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास. एवढे रनिंग गावातल्या गावात कोणाचे होत नाही. गाडी मुख्यतः मोठ्या रस्त्यावर, एका वेगाने, तासन्‌तास चालली असणार. अशा चालीत इंजिन गरम होऊन स्थिर राहते, ऑइल नीट फिरते, ब्रेक आणि स्टिअरिंगला काम कमी पडते. चढउताराच्या अरुंद रस्त्यांवर, रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत साठ हजार झालेली गाडी यापेक्षा अधिक झिजलेली असू शकते. त्यातही हायब्रिडची रचना वेगळी आहे. या गाडीत क्लच नाही, नेहमीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर नाही, बदलत राहणाऱ्या गियरांची पेटी नाही. गाडी सुरू करणे, वीज तयार करणे आणि वेग कमी-जास्त करणे ही कामे दोन विद्युत मोटरी आणि एक दातेरी चक्रांचा संच मिळून करतात. उतारावर आणि गर्दीत इंजिन बराच वेळ बंद राहते, त्यामुळे मीटरवर जेवढे किलोमीटर दिसतात, तेवढे इंजिन चाललेले नसते. जुन्या गाडीत खर्च काढणारे कितीतरी भाग येथे मुळातच नाहीत.

याचा अर्थ किलोमीटर निरर्थक आहेत असा नव्हे. सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, चाकांचे बेअरिंग, इंजिन माउंटिंग हे भाग प्रत्येक गाडीत किलोमीटरनुसारच झिजतात आणि एवढ्या रनिंगला ते एकदा बदललेले तरी असावेत किंवा लवकरच बदलावे लागतील. टायरचा दुसरा किंवा तिसरा संच चालू असेल. हे खर्च ओळखीचे आहेत, त्यांचा अंदाज तुमचा मेकॅनिकही देऊ शकेल, आणि ते किमतीतून वजा करून मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता बॅटरी. तुमच्या मेकॅनिकच्या मनात बहुधा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आहे. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास आहे. घरच्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम पाऊण युनिट. टाटा नेक्सॉनच्या पहिल्या इलेक्ट्रिक आवृत्तीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. दोन्हींत चाळीस पटींचा फरक आहे, त्यामुळे एकीच्या खर्चाचे आकडे दुसरीला लावता येत नाहीत. शिवाय हायब्रिडचा संगणक ही छोटी बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, आणि त्यामुळेच ती दीर्घकाळ टिकते. जपानमध्ये टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली, आणि तेव्हापासून अनेक देशांत हायब्रिड गाड्या टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या आहेत. येथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. त्या जुन्या गाड्यांतील बॅटऱ्या बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइडच्या होत्या आणि हायरायडरची लिथियम-आयनची आहे. तो अनुभव दिलासा देतो, पण जसाच्या तसा या गाडीला लागू पडत नाही. बॅटरी निकामी झाली तर ती बदलता येते, गाडी भंगारात जात नाही. बदलायला किती लागतील याचा आजचा आकडा मात्र ऐकीव नको, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवरून मजुरीसह लेखी घ्या. हा कागद हाती असल्याशिवाय किमतीची बोलणी सुरूच करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दिरांनी सांगितलेल्या वॉरंटीकडे मात्र नीट पाहा, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत मोठा गैरसमज तेथे आहे. टोयोटाची हायब्रिड बॅटरीवरील वॉरंटी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत असते. दिरांनी वाक्याचा पहिला भाग सांगितला, दुसरा राहून गेला. म्हणजे डिसेंबर २०३० हा तुमच्या दृष्टीने कागदावरचाच दिवस आहे. तुमच्या हाती खरोखर उरतात ते २२,००० किलोमीटर. वर्षाला नऊ हजारांच्या हिशेबाने ही मुदत अडीच वर्षांच्या आत संपेल. तीदेखील गाडीचे सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झाले असेल आणि मध्ये कोणी बाहेरच्या गॅरेजमध्ये विद्युत यंत्रणेत हात घातला नसेल, तर. चेसिस नंबर देऊन अधिकृत केंद्राकडून तीन गोष्टी लेखी मागा: वॉरंटी आज चालू आहे का, नव्या मालकाच्या नावे ती पुढे चालू राहील का, आणि आजवर कोणत्या किलोमीटरला कोणते काम झाले. सर्व्हिसिंग साधारण दर दहा हजारांना होते असे धरले तर या गाडीच्या तेरा-चौदा नोंदी दिसायला हव्यात. त्या नोंदींतील किलोमीटर क्रमाने वाढत आले असतील तर मीटर मागे फिरवले नसल्याचीही खात्री त्याच कागदावर होते.

यानंतर ॲव्हरेज. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, पण तो चाचणीतील आहे. तुमच्या फेऱ्या लहान आहेत, पावसाळ्यात एसी आणि काचेवरचा ब्लोअर सतत चालू राहणार, आणि इंजिन थंड असताना हायब्रिडलाही ते काही वेळ चालवून गरम करावेच लागते. तेव्हा तुमच्यासाठी मी २० धरतो. बाजारात सहा-साडेसहा लाखांत मिळेल अशी जुनी पण कमी फिरलेली लहान पेट्रोल ऑटोमॅटिक १६ देईल असे समजू आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. वर्षाच्या ९,००० किलोमीटरना पेट्रोल गाडीला सुमारे ५६२ लिटर लागतील, हायब्रिडला ४५०. फरक ११२ लिटरचा, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपयांच्या आत. या बचतीसाठी तुम्ही तीन लाख अधिक मोजणार. ते वसूल व्हायला पंचवीस वर्षे लागतील. त्यात अडीच लाखांच्या सोनेतारण कर्जावर दहा टक्के व्याज धरले तरी पहिल्या वर्षीचे व्याजच पंचवीस हजार होते, म्हणजे पेट्रोलमध्ये वाचेल त्याच्या दुप्पट. माझा नकार प्रामुख्याने या हिशेबावर उभा आहे. हायब्रिड ही भरपूर चालणाऱ्याची गाडी आहे. तुमच्या दिरांना ती परवडली, कारण त्यांनी ती चालवली.

हाच हिशेब इतर वाचकांनी आपापल्या रनिंगवर करून पाहावा. नोकरीसाठी रोज शंभरेक किलोमीटर जाणाऱ्याचे वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. त्याचे याच दराने वर्षाला एकोणचाळीस हजार रुपये वाचतील आणि तीन लाखांचा फरक आठ वर्षांच्या आत भरून निघेल. पण त्याची उरलेली वॉरंटी नऊ महिन्यांतच संपेल. म्हणून अशा वाचकाने १,३८,००० ऐवजी साठ-सत्तर हजार झालेली हायब्रिड शोधावी आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख तुमच्या पत्रात कोणीच केलेला नाही, तिच्याकडे वळतो. गाडी आजवर पुण्यात होती. पुढे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, झापांच्या मांडवाखाली उभी राहणार आहे. किलोमीटरपेक्षा मला या उभे राहण्याची चिंता अधिक वाटते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस कोणत्याही गाडीचा पत्रा खातो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण हायब्रिडमध्ये त्याची काही वेगळी ठिकाणे आहेत. पहिले ब्रेक. गाडीचा वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. पण नेहमीच्या गाडीत रात्रभरात डिस्कवर चढलेला गंज सकाळच्या चार ब्रेकांत पुसला जातो, तसा तो येथे पुसला जात नाही. डिस्कला कंगोरे पडतात आणि पॅड दाबून धरणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना जागच्या जागी जाम होतात. मग पॅड जाड दिसत असूनही एक चाक अधिक पकडते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुण्याच्या कोरड्या हवेत हा त्रास जाणवला नसेल; तुमच्याकडे दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कॅलिपर उघडून साफ करून, पिनांना योग्य ग्रीस लावून घ्यावे लागेल.

दुसरे ठिकाण नारिंगी रंगाच्या जाड केबलचे. बॅटरी मागे आणि इंजिन-मोटर पुढे असल्याने ही हाय-व्होल्टेज केबल गाडीच्या पोटाखालून जाते. कॅनडा आणि अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे टोयोटाच्याच रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या अशा केबलचा जोड गंजल्याची प्रकरणे पुढे आली आणि कंपनीला त्या केबलची वॉरंटी वाढवावी लागली. हायरायडर हायब्रिडमध्ये मागे मोटर नाही आणि रचना वेगळी आहे, त्यामुळे तेच येथे घडेल असे मी म्हणत नाही. पण खाऱ्या हवेत राहणाऱ्याने गाडी लिफ्टवर चढवून ही केबल, तिची आवरणे आणि क्लिपा वर्षातून एकदा पाहून घेण्यास हे कारण पुरेसे आहे. पाहणे म्हणजे केवळ पाहणे. त्या केबलला प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये, आणि खालून प्रेशरचे पाणी मारताना तिच्या जोडांवर नेम धरू नये. भातकापणीनंतर मांडवाकडे वळणारे उंदीर आणि घुशी याही बाबतीत लक्षात ठेवा. गाडी आठवडाभर बंद राहणार असेल तर बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय ती सुरू करू नका.

तिसरे ठिकाण डिकीचे, आणि ते खास तुमच्यासाठी सांगतो. तुम्ही वेलदूरहून मासळी आणता. थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वितळून खारे पाणी डिकीच्या गालिच्यात मुरणे ही तुमच्या हॅचबॅकमध्ये वासापुरती अडचण असेल. हायरायडर हायब्रिडमध्ये मात्र बॅटरी त्याच भागात, डिकीच्या तळाशी आहे. शिवाय ती थंड ठेवण्यासाठी गाडीतलीच हवा पंख्याने आत ओढली जाते. त्या हवेच्या वाटेवर जाळी असते. तिच्यावर पर्यटकांच्या पायांची वाळू साचली, तिच्यासमोर पिशव्या किंवा गोधड्या रचल्या, तर पंखा जोरात चालू लागतो, बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य उष्णतेने घटते. ही गाडी घेतलीच, तर मासळीसाठी उंच कडांचा, पूर्ण बंद होणारा प्लास्टिकचा डबा लागेल आणि जाळी प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावी लागेल. रोजच्या वापरात हे तुम्हाला जमेल का, याचा विचार इतर कोणाला करता येणार नाही. तो तुम्हीच करा.

बंद पडण्याचेही थोडे सांगायला हवे. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत नेहमीची १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी ‘रेडी’, म्हणजे चालण्यास तयार, असे दाखवत नाही. पर्यटक नसलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये गाडी दोन-दोन आठवडे उभी राहिली तर हे घडणे अगदी शक्य आहे. पुष्कळदा लोक हायब्रिड बॅटरी गेली म्हणून घाबरतात आणि दोष या लहान बॅटरीचा निघतो. आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे जीपला दोर बांधून ती ओढू देऊ नका. पुढची चाके जमिनीवर फिरत राहिली की त्यांच्याबरोबर मोटरही फिरते आणि यंत्रणा बिघडू शकते. गाडी सपाट ट्रकवर चढवून, निदान पुढची चाके उचलून, न्यावी लागते. असा ट्रक तुमच्या गावापर्यंत किती वेळात येईल आणि हायब्रिडचे काम करणारे जवळचे अधिकृत केंद्र किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न सासऱ्यांच्या रुग्णालयाच्या तारखा पाळणाऱ्या तुमच्यासारखीला विशेष महत्त्वाचे आहेत.

पुराचा विषय चिपळूणच्या आसपास राहणाऱ्यांना समजवावा लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा किती गाड्या चिखलात गेल्या, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तुमची गाडी त्यानंतरची आहे, हे खरे. पण २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्येही पाणी शिरले होते. गाडी तेव्हा कोठे उभी होती, हे दिरांना मोकळेपणाने विचारा. उत्तर काहीही आले तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहा, सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का पाहा, डिकीचा गालिचा उचलून त्याखाली हात फिरवा, आणि विम्याचे जुने दावे तपासा. पाण्यात गेलेली साधी पेट्रोल गाडी कदाचित दुरुस्त होईल. पाण्यात गेलेली हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

प्रत्यक्ष चाचणीसाठी मी तुमच्या गावचा रस्ता सुचवणार नाही. दीर कऱ्हाडमार्गे येणार असतील तर तुम्ही चिपळूणला जा आणि कुंभार्ली घाट त्यांच्याबरोबर स्वतः चालवून चढा-उतरा. गाडीत चार माणसे असू द्या, एसी चालू ठेवा. चढताना इंजिनचा आवाज वाढणे आणि उतरताना पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या भरत जाणे हे स्वाभाविक आहे. बॅटरी भरल्यावर उतारावर इंजिनचा आवाज पुन्हा येऊ लागला तर घाबरू नका, गाडी आवरण्यासाठी ती इंजिनचा रोध वापरते. काळजी करण्याची खूण वेगळी आहे. सपाटीवर बॅटरीच्या पट्ट्या काही क्षणांत भरत आणि काही क्षणांत रिकाम्या होत असतील, मागच्या सीटजवळचा पंखा सतत जोरात घोंघावत असेल, तर बॅटरीची धारणक्षमता घटलेली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे थंड इंजिन सुरू होताना ऐका, आणि मग ती अधिकृत केंद्रात नेऊन संगणकावर पूर्ण हायब्रिड तपासणी करून घ्या. तपासणीचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे अहवालही तुमच्या हाती येईल.

हे सारे चुलत दिरांच्या गाडीला करायचे का, असा संकोच तुम्हाला वाटेल. ‘घरचीच गाडी आहे’ असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, म्हणून स्पष्टच बोलतो. अनोळखी विक्रेत्याशी घासाघीस करता येते, गाडी नाकारताही येते. नात्यात पुढे काही निघाले तर तुम्ही बोलणार नाही, गप्प राहाल, आणि गणपतीला सगळे घरी जमतील तेव्हा ती गोष्ट मनात राहील. दीर खोटे बोलत आहेत असे मी मुळीच सुचवत नाही. त्यांना गाडीतले जे ठाऊक आहे ते मोठ्या रस्त्याच्या वापरातले आहे, तुमच्या वापरातले नाही. तपासणीचा कागद दोघांनाही नंतरच्या गैरसमजातून वाचवील, असे त्यांना आधीच सांगितले तर समंजस माणूस ते मानतो. पैसे बँकेतूनच द्या. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, आणि मोठ्या रस्त्यांवर इतकी फिरलेली गाडी असल्याने थकलेली ई-चलाने, हे सारे रक्कम पूर्ण देण्याआधी मिटवून घ्या. विमा कंपनीला हस्तांतर १४ दिवसांत कळवा. दिरांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, तो त्यांचाच राहतो. पण तुमच्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा चालू असेल तर ती विकताना तुमचा बोनस राखून घेण्याचे पत्र विमा कंपनीकडून मागा आणि तो नव्या गाडीच्या विम्यात वळवा. बरेच लोक हे विसरतात. पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा पुस्तिकेत ही गाडी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालते असे लिहिले आहे का, तेही एकदा पाहून घ्या.

अशाच विचारात असलेल्या वाचकांसाठी एक सूचना येथेच देतो. जुन्या बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द सैल वापरला जातो. २०१५ पासूनच्या मारुतीच्या सियाझ आणि एर्टिगा यांच्या काही आवृत्त्यांवर एसएचव्हीएस अशी खूण असते. त्या माइल्ड हायब्रिड आहेत, केवळ विजेवर चालत नाहीत, आणि वर मांडलेले फायदे-तोटे त्यांना लागू होत नाहीत. दुसऱ्या टोकाला दहा-बारा वर्षांची टोयोटा कॅम्री हायब्रिड आकर्षक किमतीत दिसते. तिची वॉरंटी वर्षांनीच संपलेली आहे, तेव्हा बॅटरीचा पूर्ण खर्च आपल्याच खिशातून होणार असे धरूनच तिच्या किमतीकडे पाहावे.

आता तुमच्यापुरते. तुम्हाला ही गाडी हवीशी वाटण्यामागे पेट्रोलची बचत हे खरे कारण आहे का, असा प्रश्न मला पत्र वाचताना पडला. सासऱ्यांना हॅचबॅकमध्ये वाकून बसताना त्रास होतो, आणि चढावर क्लच सांभाळून तुमचे गुडघे दुखतात, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. माझ्या मते खरी गरज तिथे आहे: उंच सीट आणि ऑटोमॅटिक. ही गरज रास्त आहे आणि तिच्यासाठी पैसे खर्च करण्यात गैर काही नाही, पण ती भागवायला हायब्रिडच लागते असे नाही. सात लाखांच्या आत, कर्ज न काढता, उंच बांध्याची एखादी पेट्रोल ऑटोमॅटिक तुम्हाला मिळू शकेल. ती पाहताना एएमटी प्रकारची (नेहमीचीच गियरपेटी, पण क्लच आणि गियर यंत्र बदलते) असेल तर तुमच्या घराकडच्या चढावर थांबवून पुन्हा उचलून पाहा. काही एएमटी गाड्या अशा ठिकाणी किंचित मागे येतात, आणि हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर ते त्रासाचे ठरते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या इतर प्रकारांची ऑटोमॅटिक मिळाली तर तुमच्या रस्त्यांना ती अधिक मानवेल. प्रत्येक गाडी पाहताना सासऱ्यांना बरोबर न्या आणि त्यांना एकदा चढू-उतरू द्या. गाडी चालवणार तुम्ही, बसणार ते. तुमच्या पत्रात मते तिघांची आहेत आणि या दोघांची नाहीत.

दिरांची गाडीच मनात भरली असेल, तर त्यांच्याशी किमतीचे पुन्हा बोला. सस्पेन्शन, टायर आणि गंजरोधक लेपाचा खर्च वजा जाता, सात लाखांतून गाडी घेऊनही बॅटरीच्या लेखी आकड्याएवढी रक्कम बँकेत शिल्लक राहत असेल आणि तपासणीचा अहवाल स्वच्छ असेल, तर १,३८,००० हा आकडा पाहून मागे सरू नका. एवढी किंमत उतरवणे त्यांना शक्य नसेल, आणि बहुधा नसेलच, तर त्यांनी ती पुण्यातच एखाद्या रोज लांब जाणाऱ्याला विकणे त्यांच्याही फायद्याचे आहे. हे त्यांना राग न येता सांगता येईल. तोपर्यंत जुन्या हॅचबॅकच्या दुखण्यांची यादी करून मेकॅनिककडून एकदाच सगळ्या कामांचा अंदाज घ्या. तीस-चाळीस हजारांत ती आणखी एक पावसाळा निर्धास्त काढणार असेल, तर नोव्हेंबरपर्यंत थांबून, कोरड्या दिवसांत, घाई न करता गाड्या पाहता येतील.